साहेब बाहेर उभे आहेत

आक्का कुठेही एकटी जात नसे, आणि ही गोष्ट ती दारातच जाहीर करून टाकत असे. आमच्या सुपरमार्केटमध्ये ती पहिल्यांदा आली एका टळटळीत दुपारी. डोक्यावरून पदर, पायात टायरच्या जाड चपला, हातात खोबरेल तेलाची एक बाटली. बिलाची रांग लांब होती. तिनं रांगेतूनच काउंटरवरच्या मुलीला आवाज दिला, "बाई, जरा लवकर उरका. साहेब भाईर हुबं हायती. त्येंला उनात थांबायची सवं न्हाई."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा सांगलीच्या त्या दुकानाची मॅनेजर होते. सण जवळ आले की कुठल्या ना कुठल्या खात्याचे साहेब दुकान बघायला येतात, आणि कुणाला तरी सोबत घेऊन येतात, हे मला ठाऊक होतं. मी ओढणी सारखी केली, फ्रीजमधून गार पाण्याची बाटली घेतली आणि चेहऱ्यावर हसू चढवून बाहेर गेले. बाहेर कुणीच नव्हतं. पार्किंगच्या कठड्याला फक्त एक कुत्रा बांधलेला होता. उंच, काटकुळा, वाळलेल्या गवताच्या रंगाचा, एक कान कधीतरी फाटलेला. मी त्याच्या पलीकडे गाडी शोधत होते.

"मॅडम," आमचे वॉचमन बशीरभाई हळूच म्हणाले, "साहेब म्हंजे ह्योच."

मी बाटली हातात धरून उभी राहिले. कुत्र्यानं आधी बाटलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी पाणी ओंजळीत ओतलं आणि त्याला पाजलं. मागून आक्का आली, बघून समाधानानं म्हणाली, "तुमी बऱ्या हाय. न्हाईतर साहेबास्नी कोन पानी इचारत न्हाई."

त्याचं नाव असं का, हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "आवं, कामधंदा काय उरला न्हाई. नुसतं हुबं ऱ्हायाचं, चार मानसांवर वरडायचं आनि येळंवर जेवायचं. मग साहेब न्हाई तर काय म्हनायचं?"

आक्का मूळची जतच्या पूर्वेकडची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका वस्तीवरची. आयुष्यभर तिनं मेंढरं राखली. नवरा गेला, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलानं तिच्या वाटणीची मेंढरं चुलत्याकडे सोपवली आणि तिला सांगलीला आणलं. मुलगा बिरू विमा कंपनीच्या ऑफिसात होता आणि सूनबाई शाळेत शिकवायची. मेंढरं गेली तरी कुत्रा मागे राहीना. टेम्पोच्या मागे धावत तो इतक्या लांब आला, की शेवटी ड्रायव्हरनंच गाडी थांबवून त्याला वर घेतलं. असं आक्का सांगायची. सूनबाईंचं म्हणणं होतं, की आक्कानं त्याला घोंगडीखाली लपवून आणलं. दोघींचंही थोडंथोडं खरं असावं.

अडचण अशी होती, की साहेबाला फ्लॅटमध्ये एकटं सोडता येत नसे. आक्का नजरेआड झाली की तो मान वर करून असा गळा काढी, की अख्खी बिल्डिंग बाल्कनीत येई. सोसायटीनं बिरूला स्पष्ट सांगून टाकलं होतं, कुत्रं पुन्हा रडलं तर त्याची सोय दुसरीकडे करायची. मुलगा-सून दिवसभर कामावर. त्यामुळे आक्का जिथं जाईल तिथं साहेब जाई. देवळात पायरीपर्यंत, दवाखान्यात पायपुसण्यापर्यंत आणि आमच्याकडे काचेच्या दारापर्यंत.

काचेच्या दारावर आमची पाटी होती, 'पाळीव प्राण्यांना आत प्रवेश नाही'. आक्कानं ती पहिले काही दिवस पाहिलीच नाही. मग एकदा ती साहेबाला घेऊन सरळ आत निघाली तेव्हा बशीरभाई आडवे झाले आणि मला बोलावणं आलं.

"आक्का, पाटी वाचली नाही का?"

"मला वाचाय येत न्हाई. आमच्यात कानडी साळा व्हती."

आदल्याच दिवशी या बाईनं बिस्किटाच्या पुड्यावरची मागच्या बाजूची बारीक तारीख वाचून पुडा परत ठेवलेला मी पाहिला होता. तसं मी म्हटलं, तर ती अजिबात ओशाळली नाही. "त्ये आकडं हाय. आकडं कानडीत बी मला येत्यात, मराठीत बी येत्यात." मग तिनं पाटीवर नजर फिरवली आणि सावकाश अक्षरं लावून वाचली. "पाळीव. मग आमचं काय अडलं? साहेब पाळीव न्हाई. पाळीव म्हंजी ज्येला पाळत्यात. साहेबानं आमच्या मेंढरास्नी पाळलं, मला पाळलं. त्येला कोन पाळलंय?"

मी दुसऱ्याच दिवशी पाटी बदलली. 'कुत्र्यांना आत प्रवेश नाही' असं लिहून घेतलं आणि वाद नको म्हणून चित्रही काढून घेतलं. लाल वर्तुळ आणि त्यात आडव्या रेघेखाली कुत्रं. आक्का आली, चित्रासमोर उभी राहिली आणि साहेबाला पट्ट्याला धरून जवळ घेतलं. "ह्ये बग," त्याला म्हणाली, "ह्येचं कान पडल्यात. ह्ये तुज्यातलं न्हवं." आणि माझ्याकडे न बघता ती आत पाऊल टाकायला लागली.

"आक्का," मी म्हणाले, "आत धान्याची पोती उघडी असतात. लोक हातानं घेऊन बघतात. केस उडतात, कुणाला भीती वाटते. माझ्या हातात नाही हे."

ती थांबली. हातात नाही म्हटल्यावर ती नेहमी थांबत असे. ज्याच्या हातात नाही त्याच्याशी भांडण्यात तिला रस नसावा.

मी सुचवलं, की कोपऱ्यावर किराण्याचं दुकान आहे, तिथं फळीच्या बाहेर उभं राहून सगळं मिळतं. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला माहेरी जाऊन राहा म्हटलं होतं. "तितं माल त्यो दावतो. हितं माल मी बगते." जन्मभर बाजारात तिनं मेंढरांच्या पाठीवर हात फिरवून, दात बघून सौदे केले होते. आमच्याकडेही ती तसंच करी. तुरीची डाळ मुठीत घेऊन ती कानाशी नेई. पावाची कड दाबून बघे. मॉपची काठी गुडघ्यावर वाकवून बघे, आणि ती मोडली तर आम्हालाच सांगे, की बघा, असला माल ठेवत जाऊ नका.

मग बशीरभाईंनीच वाट काढली. ते रहिमतपूरचे, शिंपीकाम करता करता डोळे दमल्यावर मुलीकडे सांगलीला आलेले. ते म्हणाले, "आक्का, मी बघतो ह्येला. फक्त माज्या अंगाला तोंड लावू देऊ नका, मला नमाजाला जायाचं असतं." आक्कानं ते लगेच मानलं. त्या दिवसापासून ती साहेबाला पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला ट्रॉल्यांच्या कठड्याला बांधी, आणि दोर एवढा आखूड ठेवी की बशीरभाईंच्या खुर्चीपर्यंत तो पोचू नये. बशीरभाई खुर्चीवरून त्याच्याशी गप्पा मारत. त्यांचं म्हणणं असं, की तो ऐकतो चांगला, फक्त उत्तर देत नाही, आणि आजकाल अशी माणसं कमी झाली आहेत.

पण एक घोळ राहिलाच. साहेबाला आक्का काचेतून दिसली पाहिजे. ती आतल्या रांगांमागे गेली की बाहेर सूर लागायचा. त्यामुळे आक्का फक्त दर्शनी काचेलगतच्या फळ्यांपुढेच फिरे. तिथं आम्ही साबण, झाडू, फिनेल आणि एकावर एक फुकट असलेला माल मांडत असू. डाळ-तांदूळ मागच्या भिंतीला. आक्कानं महिनाभर निमूटपणे समोरचंच सामान नेलं. शेवटी सूनबाई स्वतः दुकानात आल्या. शांत बाई होत्या. मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आत्तींना तुमच्याकडे कुणी साबण घ्यायला लावतं का? आमच्या घरात आता बसायला जागा राहिली नाही."

मी खरं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "घरी विचारलं तर म्हणतात, सांगलीची धूळ लय."

तेव्हापासून मी एक गोष्ट चालू केली. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की आक्का काचेजवळ उभी राहायची आणि मी मोबाईल घेऊन मागच्या रांगांत फिरायची. तिच्या हातात काउंटरचा दुसरा मोबाईल असे. व्हिडिओ कॉलवर ती मला चालवी. "ती न्हवं. तिच्या मागची. मूठ भरा. कानाशी न्या. वाजती का?" मी डाळ कानाशी धरून उभी असे आणि येणारी-जाणारी गिऱ्हाईकं मला वळसा घालून जात. "आता फोनाला लावा, मला ऐकू द्या." डाळ फोनवर वाजवून दाखवणारी मी जिल्ह्यातली पहिलीच मॅनेजर असेन.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एका रविवारी एक जोडपं आलं. नवी गाडी, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि बाईंच्या खांद्याला एक मोठी झकपक पर्स. आत येऊन त्यांनी चीजच्या फ्रीजसमोर पर्स ट्रॉलीत ठेवली आणि पर्समधून एक पांढरं, झुपकेदार डोकं वर आलं. केसांना गुलाबी रबर लावलेलं. बशीरभाईंना ते खेळणं वाटलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. आक्काला वाटलं नाही. ती काचेपाशी उभी होती, तिथूनच तिनं विचारलं, "ह्यो कोन?"

"आमचा बेबी," बाई हसून म्हणाल्या.

आक्का माझ्याकडे वळली. आवाज अगदी मऊ होता, आणि तिचा आवाज मऊ झाला की मला धडकी भरत असे. "मॅडम, पिशवीत असलं की चालतंय व्हय?"

मी त्या बाईंना नियम सांगितला. त्यांना राग आला. पुण्यात सगळीकडे चालतं, म्हणाल्या, आणि पर्स घेऊन गेल्या. पुण्यात कुठं कुठं चालतं हे खरंही असेल, पण आमच्या शेठना ते चालत नव्हतं, आणि दुकान शेठचं होतं. मी आक्काला हे सांगायला वळले तर ती कधीच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरभाई मला बोलवायला आले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. आक्का दारात ट्रॉली ढकलत उभी होती. ट्रॉलीत एक ज्वारीचं पोतं होतं. पोत्याचं तोंड दोरीनं सैल बांधलेलं, आणि त्यातून साहेबाची मान बाहेर. त्याच्या फाटक्या कानाजवळच्या चार केसांना तिनं सूनबाईंचा गुलाबी रबर बसवला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी फक्त लग्नात जबरदस्तीनं फेटा बांधलेल्या वरबापांच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत.

"पिशवीत हाय," आक्का म्हणाली.

काउंटरवरच्या मुली खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी कसंबसं तोंड सरळ ठेवून नियम सांगितला. आक्कानं तो शांतपणे ऐकून घेतला, ट्रॉली वळवली, आणि जाता जाता साहेबाला म्हणाली, "चल. आपलं पोतं हलकं पडलं."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मात्र या थट्टेला वेगळंच वळण लागलं.

दुकान तुडुंब भरलं होतं. माझा फोन एकसारखा वाजत होता, त्यामुळे आक्का म्हणाली, "आज मीच जाते आत. रवा-मैदा बगून घ्यायाचा हाय. बशीरभाई हायती की." ती मागच्या भिंतीकडे गेली. इकडे बशीरभाईंना कुणीतरी गाडी मागे घ्यायला बोलावलं. आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं कठड्यातली ट्रॉली ओढली, तिच्यात नेमकी साहेबाची दोरी अडकली. दोरी सुटली. साहेब दाराशी आला. आमचं दार आपोआप उघडणारं. त्याला पाटी वाचता येत नव्हती, दार उघडलं.

तो भुंकला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी भलतंच सांगितलं. तो आत आला, थांबला आणि त्यानं दुकानभर नजर फिरवली. माणसं जिकडे-तिकडे पांगलेली होती. कुणी मसाल्यांत, कुणी तेलांत, कुणी कपड्यांच्या साबणात. हा असा विस्कळीतपणा त्याला बघवला नसावा. त्यानं अंग खाली घेतलं, कान मागे टाकले आणि भिंतीच्या कडेनं पळायला सुरुवात केली.

मसाल्याच्या रांगेतली माणसं आधी हलली. तो मागून येई, पोटरीला नाक लावी, आणि माणूस आपोआप पुढे सरके. जो उलटा वळे त्याच्यापुढे तो आडवा होई. एका रांगेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. ट्रॉल्या एकमेकींना धडकल्या, एक तेलाचा डबा गडगडत गेला. बघता बघता अख्खं दुकान बिलाच्या काउंटरांपुढे गोळा झालं, आणि काउंटरांना कठडे असल्यामुळे त्यांच्या सरळ रांगा लागल्या. ज्या रांगांसाठी मी माईकवरून घसा कोरडा करत असे, त्या. फक्त एक वकीलसाहेब मागे राहिले. ते आट्याच्या गोण्यांच्या थप्पीवर चढले होते. साहेब थप्पीखाली बसून त्यांच्याकडे एकटक बघत राहिला, कारण कळपात तेवढेच कमी होते.

मागच्या रांगेतून आक्का बाहेर आली, हातात मैद्याची पिशवी. तिनं ते सगळं पाहिलं. क्षणभर ती हललीच नाही. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मग ती कानडीत एकच शब्द बोलली, "साकु." पुरे. साहेब उठला, तिच्या पायाशी येऊन बसला, जीभ बाहेर, शेपूट फरशीवर आपटत.

लोक हसायला लागले. कुणी मोबाईल काढले. वकीलसाहेब खाली उतरताना आपण तिथं भाव बघायला चढलो होतो असं सांगू लागले. मलाही हसू येत होतं, पण कठड्यापाशी एक बाई खाली बसलेल्या मला दिसल्या. पस्तिशीच्या असतील. त्या रडत होत्या, ओठ पांढरे पडले होते, आणि डोळे साहेबावरून हटत नव्हते.

आक्कानंही ते पाहिलं. तिनं आधी साहेबाला बाहेर नेऊन बशीरभाईंसमोर बांधलं, दोन गाठी मारून. मग आत येऊन त्या बाईंच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसली. पाणी दिलं.

"लहानपणी मला चावलंय," त्या बाई शेवटी म्हणाल्या. "तोंडाला. तुमचा कुत्रा काही करणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला कसं माहीत असणार?"

आक्का मान खाली घालून ऐकत होती. "न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुमास्नी कसं म्हाईत असनार." तिनं त्यांचा हात हातात घेतला, जसा डाळीचा अंदाज घ्यायची तसा नव्हे, नुसता धरून ठेवला. त्यांना रिक्षापर्यंत सोडून आली, आणि माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, पाटी तुमची बरोबर हाय. मी उगं तुमची थट्टा केली."

"आक्का, तुम्ही मुद्दाम नाही सोडलं त्याला."

"न्हाई सोडलं. पर आत न्यायचंच व्हतं न्हवं मला."

त्यानंतर भराभर गोष्टी घडल्या. कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. शेठनी मला बोलावून घेतलं. मी नोकरी गेली असं धरूनच गेले. शेठ कॅमेऱ्याचं चित्रण बघत बसले होते, आणि कितव्यांदा बघत होते कोण जाणे. त्यांनी एका जागी ते थांबवलं, रांगांवर बोट ठेवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ह्ये रोज का होत न्हाई?" मग त्यांनी त्या घाबरलेल्या बाईंच्या घरी स्वतः जाऊन माफी मागायचं ठरवलं, आपोआप उघडणारं दार बंद करून साधं दार लावायला सांगितलं आणि माझी सुटका केली. कुत्र्यांना मनाई मात्र तशीच ठेवली, आणि ते योग्यच होतं. फक्त बाहेर सावलीत एक कडी ठोकली आणि पाण्याचं भांडं ठेवलं. ती बशीरभाईंची मागणी होती.

आक्काच्या घरी एवढ्यावर भागलं नाही. सोसायटीतल्या लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. त्यांनी बिरूला बोलावून घेतलं. बिरू वाईट माणूस नव्हता, पण चार लोकांपुढे त्याला मान खाली घालावी लागली होती. त्याच्या ऑफिसातल्या एकाचा खंडाळ्याला कोंबड्यांचा फार्म होता. तिथं राखणीला कुत्रा हवा होता. बिरूनं तिथं सांगूनही टाकलं.

हे मला आक्कानंच सांगितलं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती आमच्या पायरीवर येऊन बसली होती. साहेब कडीला बांधलेला. मी बाहेर गेले तर तिनं सरकून जागा दिली.

"खंडाळ्याला साखळीला बांधनार त्येला," ती म्हणाली. "कोंबड्यांम्होरं."

मी म्हटलं, "बिरूला समजावून सांगू का मी?"

"त्येचं बी बरोबर हाय. त्येला हितं ऱ्हायाचं हाय." ती थोडा वेळ साहेबाकडे बघत राहिली. "मॅडम, त्या दिशी तुमी त्येचं त्वांड बगितलं का? ती बाई रडत व्हती, मला लाज वाटली, लय वाटली. पर त्येच्या आदी, मी मागनं आले न्हवं, तवा मला बरं वाटलं. दोन वर्सांत त्येला कामावर बगितला न्हवता. मी म्हनलं, ह्येला अजून येतंय की सारं." मग हळू आवाजात म्हणाली, "मला बी येत असंल."

"म्हणजे?"

"दिराकडं जाते. मेंढरं हायतीच की आमची त्येच्याकडं. सूनबाईला सांगितलंय, बिरूला आज सांगते."

"आक्का, गुडघे? आणि या वयात रानोमाळ?"

"हितं बसून गुडघं काय सुदारलं? लिफ्टीतनं जाऊन जाऊन चालाय इसरले." ती उठली, कठड्याला धरून, गुडघ्यांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, आणि माझ्याकडे बघून दटावल्यासारखं म्हणाली, "त्ये आवाज करत्यात, थांबत न्हाईत."

ती गेली त्या दिवशी सूनबाई खूप रडल्या, असं बशीरभाईंनी सांगितलं. बिरू टेम्पोच्या मागे उभा राहून दोऱ्या पुन्हा पुन्हा तपासत होता. बशीरभाई निरोप द्यायला गेले होते. टेम्पो सुटताना साहेबानं मान लांब करून त्यांच्या हाताचा वास घेतला, तोंड लावलं नाही. हे सांगताना ते हात पुढे करून दाखवत.

पुढं वर्षभरानं माझी साताऱ्याला बदली झाली. माझं माहेर साताऱ्याचंच, त्यामुळे मला बरं वाटलं. एकदा मी मीटिंगसाठी स्कूटरवरून रहिमतपूरकडे निघाले होते. नवा, इस्त्रीचा कुर्ता घातलेला. वाटेत रस्ता अडला होता. जतकडची मेंढरं पावसाळा सरला की चाऱ्यासाठी पश्चिमेला येतात, तसा एक मोठा कळप रस्ता ओलांडत होता. मी स्कूटर बाजूला लावली. धूळ, घंटा, बेंबाटणं. आणि त्या सगळ्याच्या कडेनं वाळल्या गवताच्या रंगाचा एक कुत्रा खाली वाकून पळत होता. तो माझ्याजवळून गेला. त्यानं मला ओळखलं असेल, पण कामात होता.

कळपाच्या शेवटी आक्का होती. काळवंडलेली, वाळलेली, खांद्यावर घोंगडी. लंगडत होती, पण भराभरा लंगडत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. जणू मी रोज त्याच वळणावर उभी असते.

"बरं झालं आलात," ती म्हणाली, आणि घोंगडीतून एक ओलंचिंब, नुकतं जन्मलेलं कोकरू काढून माझ्या हातात दिलं. "जरा धरा. त्येची आय मागं राहिली. आलेच."

ती मागे वळली आणि ओढ्याच्या झाडीत दिसेनाशी झाली. मी रस्त्याच्या मधोमध कोकरू छातीशी धरून उभी. ते थरथरत होतं आणि माझ्या कुर्त्याची बाही चोखू लागलं होतं. दोन्ही बाजूंना गाड्या साचल्या. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या एका माणसानं मान बाहेर काढली. "ओ बाई, घ्या की तुमची मेंढरं बाजूला. किती येळ?"

माझी नाहीत, असं मी सांगणार होते. ते तोंडातून आलं नाही. मी एका हातानं कोकरू सावरलं आणि दुसऱ्या हातानं समोरच्या मेंढीला हट हट केलं. ती हलली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पुन्हा हट हट केलं. ट्रॅक्टरवाला हसायला लागला.

आक्का आली तेव्हा तिच्या मागे एक मेंढी होती. आक्का वाटेतच थांबून माझ्याकडे बघत होती, किती वेळ कोण जाणे. तिनं कोकरू घेतलं, मेंढीच्या तोंडाशी नेलं, मेंढीनं ते हुंगलं. "तुमचा हात चांगला हाय," ती म्हणाली. "पर तुमचं त्वांड लय भितं, मोट्यांदा वरडाय लागतं." मग मला खालून वर न्याहाळून विचारलं, "जेवलात का?"

"मीटिंग आहे आक्का. घाई आहे."

"मग जावा." तिनं माझ्या गालाला धुळीचा हात लावला. कळपाची पुढची बाजू उतारावरून एका मोकळ्या शेतात शिरत होती. काही मेंढ्या चुकीच्या बांधावर चढल्या. आक्कानं कानडीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि ती तिकडे निघाली. मला वाटलं ती एकदा वळून बघेल. पण बांधावरच्या मेंढ्या उतरत नव्हत्या, आणि ती त्यांच्याकडे बघत चालत गेली. त्यानंतर आक्का मला भेटलेली नाही.

मी तशीच मीटिंगला गेले. कुर्त्यावर पुढे ओला डाग होता आणि अंगाला मेंढरांचा वास येत होता. शेजारच्या बाईंनी खुर्ची जरा लांब सरकवली. घरी आल्यावर आईनं तो कुर्ता धुवायला मागितला, तेव्हा मी म्हटलं, राहू दे, उद्या टाकते.